कन्सोल आज्ञावलीतील काउंटडाउन टायमर

कन्सोल आज्ञावलीतील काउंटडाउन टायमर किंवा उलटगणती टायमर म्हणजे ठरावीक कालावधीपासून शून्यापर्यंत उरत जाणारा वेळ केवळ मजकुराच्या रूपात दाखवणारी संगणकीय आज्ञावली, अर्थात प्रोग्रॅम होय. अशा आज्ञावलीत खिडक्या, चित्रे किंवा बटणे नसतात. टर्मिनलवर किंवा कमांड प्रॉम्प्टवर एका ओळीत बदलत जाणारे अंक एवढेच तिचे दृश्य रूप असते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना लूप, चल, भागाकार आणि बाकी या संकल्पनांचा सराव व्हावा म्हणून हा प्रश्न प्राथमिक अभ्यासक्रमांत वारंवार दिला जातो.

दिसायला सोपा असला तरी या प्रश्नात एक महत्त्वाचा भेद दडलेला आहे. 'एक सेकंद थांबणे' आणि 'एक सेकंद मोजणे' ही दोन वेगळी कामे आहेत. जी आज्ञावली किती वेळा थांबलो यावरून वेळ ठरवते ती हळूहळू मागे पडते. जी आज्ञावली प्रत्येक वेळी घड्याळ वाचून समाप्तीचा क्षण किती दूर आहे ते पाहते ती अचूक राहते.

== उपयोग ==

मजकूर-आधारित टायमरचा उपयोग पुढील प्रकारच्या कामांत होतो.

* प्रश्नमंजूषा किंवा सराव परीक्षेत प्रत्येक प्रश्नासाठी मर्यादित वेळ देणे.
* ठरावीक काळ काम व नंतर विश्रांती या पद्धतीने अभ्यास करणे. २५ मिनिटांच्या सत्रांवर आधारलेली पोमोडोरो पद्धत हे याचे परिचित उदाहरण आहे.
* सर्व्हर बंद किंवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी वापरकर्त्यांना पूर्वसूचना देणे.
* एखादे अपरिवर्तनीय काम, उदाहरणार्थ फायली कायमच्या पुसणे, सुरू होण्याआधी ते रद्द करण्यासाठी काही सेकंदांची संधी देणे.
* संपर्क तुटल्यावर पुन्हा प्रयत्न करण्यास किती वेळ उरला आहे ते दाखवणे.

दूरस्थ सर्व्हरवर अनेकदा चित्रमय पडदा उपलब्धच नसतो. त्यामुळे तेथे अशी आज्ञावली ही सोय नसून गरज असते.

== पार्श्वभूमी ==

अग्निबाणाच्या उड्डाणापूर्वी उलट अंक मोजण्याची कल्पना १९२९ साली प्रदर्शित झालेल्या 'फ्राऊ इम मोंड' या जर्मन मूकपटामुळे लोकप्रिय झाली. फ्रिट्झ लांग हे त्याचे दिग्दर्शक, तर अग्निबाणशास्त्रज्ञ हेर्मान ओबेर्ट हे तांत्रिक सल्लागार होते. पुढे प्रत्यक्ष अंतराळ मोहिमांत उलटगणती ही कामांचे वेळापत्रक पाळण्याची शिस्तबद्ध पद्धत बनली. तीत गणती मध्येच रोखून धरण्याचीही तरतूद असते. टायमर आज्ञावलीतील 'विराम' ही सुविधा याच धर्तीची आहे.

संगणकाच्या बाजूने पाहता कन्सोलचा उगम टेलिटाइप यंत्रांत आहे. ही यंत्रे कागदाच्या गुंडाळीवर अक्षरे छापत. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे सेकंदाला १० अक्षरे छापणारे यंत्र सुरुवातीच्या अनेक संगणकांना जोडले गेले. कागदावर छापलेला अंक पुसता येत नसल्याने अशा यंत्रावरील उलटगणतीत प्रत्येक अंक नव्या ओळीत येई. काचेच्या पडद्याची टर्मिनले आल्यावर एकाच जागी अंक बदलणे शक्य झाले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली आणलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलने कर्सर हलवणे व ओळ पुसणे यांसाठी प्रमाणित सांकेतिक क्रमांचा स्वीकार केला. आजची टर्मिनल सॉफ्टवेअरे आजही मुख्यतः त्याच क्रमांचे पालन करतात.

== मूलभूत रचना ==

सर्वांत साध्या टायमरची रीत पुढीलप्रमाणे असते.

१. उरलेले = १०
२. उरलेले शून्यापेक्षा मोठे आहे तोपर्यंत पायरी ३ ते ५ पुन्हा पुन्हा करा
३. उरलेले छापा
४. १ सेकंद थांबा
५. उरलेले = उरलेले − १
६. 'वेळ संपली' असे छापा

यात चौथी पायरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मदतीने होते. बहुतेक भाषांत तिच्यासाठी 'स्लीप' या नावाचे फंक्शन असते. या काळात आज्ञावली प्रोसेसर वापरत नाही. त्याऐवजी रिकामा लूप फिरवत वेळ काढणे शक्य असते, परंतु त्यात प्रोसेसर विनाकारण गुंतून राहतो, वीज खर्च होते आणि लूपच्या फेऱ्यांचा वेग यंत्रागणिक बदलतो. म्हणून ती पद्धत टाळली जाते.

=== तास, मिनिटे आणि सेकंद ===

उरलेला वेळ एकूण सेकंदांत साठवून केवळ दाखवताना त्याचे विभाजन करणे सोयीचे ठरते. एकूण सेकंदांना ३६०० ने भागल्यास भागाकार म्हणजे तास मिळतात. उरलेल्या बाकीला ६० ने भागल्यास भागाकार म्हणजे मिनिटे व बाकी म्हणजे सेकंद मिळतात. उदाहरणार्थ, ५०२५ सेकंदांना ३६०० ने भागल्यास भागाकार १ व बाकी १४२५ येते. १४२५ ला ६० ने भागल्यास भागाकार २३ व बाकी ४५ येते. म्हणून पडद्यावर ०१:२३:४५ असे दिसते. एकअंकी संख्येआधी शून्य लावल्याने ओळीची लांबी स्थिर राहते.

तास, मिनिटे व सेकंद असे तीन वेगळे चल ठेवून प्रत्येकातून 'हातचा' घेत एक वजा करण्याची रीतही नवशिक्यांच्या आज्ञावल्यांत आढळते. तीत तासाच्या व मिनिटाच्या सीमेवर चुका होण्याची शक्यता अधिक असते.

== वेळेची घसरण ==

वरील साध्या रीतीत प्रत्येक फेरी नेमकी एक सेकंदाची असते असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात फेरीला एक सेकंदापेक्षा किंचित अधिक वेळ लागतो. त्याची कारणे तीन आहेत.

* 'स्लीप' फंक्शन सामान्यतः किमान दिलेला वेळ थांबण्याची हमी देते, नेमका तेवढाच वेळ थांबण्याची नव्हे. वेळ संपल्यावरही प्रोसेसर दुसऱ्या कामात असल्यास आज्ञावलीला आपली पाळी येईपर्यंत वाट पाहावी लागते.
* ऑपरेटिंग सिस्टिमच्या टायमरची स्वतःची सूक्ष्मता मर्यादित असते. विंडोजमध्ये पारंपरिकरीत्या ही पायरी सुमारे १५.६ मिलिसेकंदांची आहे.
* अंक छापणे, वजाबाकी करणे व लूपची अट तपासणे यांनाही थोडा वेळ लागतो.

प्रत्येक फेरीत केवळ २ मिलिसेकंद जादा गेले असे मानल्यास दहा सेकंदांच्या उलटगणतीत २० मिलिसेकंदांची चूक होते व ती कोणाच्या लक्षातही येत नाही. एका तासाच्या टायमरमध्ये मात्र ३६०० फेऱ्यांमुळे ही चूक ७.२ सेकंदांवर जाते. ती नेहमी एकाच दिशेने साचत असल्याने आपोआप कमी होत नाही. या साचणाऱ्या चुकीला वेळेची घसरण म्हणता येईल. लहान कालावधीवर केलेल्या चाचणीत ती दिसत नाही, हाच तिचा मुख्य धोका आहे.

== समाप्तीच्या क्षणावर आधारलेली पद्धत ==

घसरण टाळण्यासाठी टायमर सुरू होताना एकदाच समाप्तीचा क्षण ठरवला जातो व पुढे प्रत्येक फेरीत घड्याळ वाचून त्या क्षणापर्यंतचे अंतर काढले जाते.

१. समाप्ती = घड्याळाची आताची वेळ + कालावधी
२. उरलेले = समाप्ती − घड्याळाची आताची वेळ
३. उरलेले शून्य किंवा त्याहून कमी असल्यास पायरी ७ वर जा
४. दर्शनी सेकंद = उरलेल्या वेळेच्या वरचा पूर्णांक
५. दर्शनी सेकंद पडद्यावर दाखवा
६. उरलेले − (दर्शनी सेकंद − १) इतका वेळ थांबा व पायरी २ वर परत जा
७. 'वेळ संपली' असे दाखवा

या रीतीत 'स्लीप' फंक्शनचे काम केवळ प्रोसेसरला विश्रांती देण्याचे उरते. वेळ मोजण्याचे काम सर्वस्वी घड्याळ करते. सहावी पायरी पुढचा अंक बदलण्याच्या नेमक्या क्षणापर्यंतच थांबायला सांगते. उदाहरणार्थ, ९.९९७ सेकंद उरलेले असताना पडद्यावर १० दिसतात व आज्ञावली ०.९९७ सेकंद थांबते. ती ३ मिलिसेकंद उशिरा जागी झाली तर ८.९९७ सेकंद उरतात, पडद्यावर ९ येतात आणि पुन्हा ०.९९७ सेकंदांचाच विराम घेतला जातो. एका फेरीतील उशीर पुढच्या फेरीत वाहून नेला जात नाही.

संगणक काही काळ अतिशय व्यग्र राहिल्यास या पद्धतीत एखादा अंक गाळला जाऊ शकतो. ७.९ सेकंद उरलेले असताना आज्ञावली अडीच सेकंद खोळंबली तर ८ नंतर थेट ६ दिसतात. साध्या रीतीत अशा वेळी ८ नंतर ७ दिसला असता, पण तो खोटा असता. अंकांची सलगता आणि वेळेची सत्यता यांपैकी एकच राखता येत असेल, तेव्हा टायमरने सत्यता राखावी अशी अपेक्षा असते.

=== वरचा की खालचा पूर्णांक ===

उरलेल्या वेळेचा खालचा पूर्णांक घेतल्यास दहा सेकंदांचा टायमर सुरू होताक्षणीच ९ दाखवतो आणि शेवटचा पूर्ण सेकंद ० दाखवत राहतो. वरचा पूर्णांक घेतल्यास पहिला पूर्ण सेकंद १० दिसतात आणि ० दिसण्याचा क्षण हाच समाप्तीचा क्षण असतो. म्हणून उलटगणतीसाठी वरचा पूर्णांक, तर सुलट मोजणाऱ्या स्टॉपवॉचसाठी खालचा पूर्णांक घेणे योग्य ठरते.

== घड्याळाची निवड ==

आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम आज्ञावलीला एकापेक्षा अधिक घड्याळे उपलब्ध करून देते. त्यांपैकी कोणते वाचायचे यावर टायमरची विश्वासार्हता अवलंबून असते.

=== सिस्टिम घड्याळ ===

तारीख व वेळ सांगणाऱ्या घड्याळाला सिस्टिम घड्याळ म्हणतात. युनिक्स परंपरेत हे घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, समन्वित जागतिक वेळेनुसार, सेकंद मोजते. हे घड्याळ मागेपुढे होऊ शकते. वापरकर्ता ते हाताने बदलू शकतो, तसेच इंटरनेटवरील वेळ-सर्व्हरशी जुळवून घेताना ते आपोआप दुरुस्त होते. टायमर चालू असताना घड्याळ पाच मिनिटे मागे गेले तर उरलेला वेळ पाच मिनिटांनी वाढतो. वेळेचे बंधन असलेल्या परीक्षेसाठी अशी आज्ञावली वापरल्यास परीक्षार्थी संगणकाची वेळ बदलून जादा वेळ मिळवू शकतो.

३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस जागतिक वेळेत एक लीप सेकंद मिळवण्यात आला. त्या क्षणी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये दोन वेळांमधील फरक ऋण आला. असा फरक कधीच ऋण नसतो असे त्या सॉफ्टवेअरमध्ये गृहीत धरलेले होते. परिणामी काही डीएनएस विनंत्या अयशस्वी झाल्या. हे सॉफ्टवेअर गो भाषेत लिहिलेले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या गो १.९ या आवृत्तीपासून त्या भाषेत दोन क्षणांमधील फरक काढताना शक्य तेथे मोनोटॉनिक घड्याळ वापरले जाऊ लागले.

=== मोनोटॉनिक घड्याळ ===

जे घड्याळ कधीही मागे जात नाही आणि हाताने बदलता येत नाही त्याला मोनोटॉनिक घड्याळ म्हणतात. त्यातील आकड्याला तारखेच्या दृष्टीने काही अर्थ नसतो. दोन वाचनांमधील फरक मात्र विश्वासार्ह असतो. कालावधी मोजण्यासाठी हेच घड्याळ योग्य मानले जाते. विविध भाषांत ते पुढीलप्रमाणे उपलब्ध आहे.

* पायथॉन : 'टाइम' मॉड्यूलमधील 'मोनोटॉनिक' फंक्शन, आवृत्ती ३.३ पासून
* सी++ : 'क्रोनो' ग्रंथालयातील 'स्टेडी क्लॉक', २०११ च्या प्रमाणकापासून
* जावा : 'सिस्टिम' वर्गातील 'नॅनोटाइम' पद्धत
* सी शार्प : 'स्टॉपवॉच' वर्ग
* रस्ट : 'इन्स्टंट' हा प्रकार

सी भाषेत युनिक्ससदृश प्रणालींवर पॉझिक्स प्रमाणकातील घड्याळ-वाचनाचे फंक्शन वापरून मोनोटॉनिक घड्याळ निवडता येते. त्याच प्रमाणकात 'अमुक वेळ थांबा' याऐवजी 'अमुक क्षणापर्यंत थांबा' असे सांगण्याचीही सोय आहे.

=== संगणकाची निद्रावस्था ===

लॅपटॉप मिटल्यावर टायमर चालू राहावा की थांबावा, हा तांत्रिक नव्हे तर हेतूचा प्रश्न आहे. गॅसवर ठेवलेल्या भांड्यासाठी लावलेला टायमर चालूच राहायला हवा. संगणकावर काम करण्याचा वेळ मोजणारा टायमर मात्र थांबलेला बरा. लिनक्समधील नेहमीचे मोनोटॉनिक घड्याळ निद्रावस्थेतील काळ मोजत नाही. तो काळ मोजायचा असल्यास 'बूटटाइम' नावाचे वेगळे घड्याळ निवडावे लागते. इतर प्रणालींत हे वर्तन वेगळे असू शकते.

=== ठरावीक तारखेपर्यंतची उलटगणती ===

'पुढच्या १ जानेवारीची मध्यरात्र' किंवा 'परीक्षेच्या दिवशी सकाळी ११' यांसारखे लक्ष्य असल्यास सिस्टिम घड्याळच वापरणे योग्य असते, कारण तेथे लक्ष्य हे कालावधी नसून दिनदर्शिकेतील क्षण असतो. घड्याळ दुरुस्त झाले तर उरलेला वेळही दुरुस्त व्हायला हवा. भारतीय प्रमाणवेळ वर्षभर जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते, त्यामुळे येथे हिशेब सरळ राहतो. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या बहुतांश भागात मात्र उन्हाळी वेळेच्या बदलामुळे वर्षातून एक दिवस २३ तासांचा, तर एक दिवस २५ तासांचा असतो. म्हणून दिवसांच्या संख्येला २४ ने गुणून तास काढण्याऐवजी दोन्ही क्षण जागतिक वेळेत बदलून वजाबाकी केली जाते.

== दशांश संख्या आणि साचणारी चूक ==

सेकंदाचा दहावा भाग दाखवणाऱ्या टायमरमध्ये प्रत्येक फेरीत ०.१ वजा करण्याची रीत मोहक वाटते, पण ती सदोष आहे. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. प्रचलित फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत १ मधून दहा वेळा ०.१ वजा केल्यास शून्याऐवजी अतिशय छोटी धन संख्या उरते. 'उरलेले शून्याच्या बरोबर होईपर्यंत' अशी अट असलेला लूप मग थांबतच नाही व अंक ऋण होत जातात. यावर दोन उपाय आहेत. वेळ मिलिसेकंदांत किंवा नॅनोसेकंदांत पूर्णांक म्हणून साठवावी आणि अट 'बरोबर' ऐवजी 'शून्य किंवा त्याहून कमी' अशी ठेवावी.

वेळमापनातील अशी सूक्ष्म चूक किती महाग पडू शकते याचे दाखले दिले जाताना २५ फेब्रुवारी १९९१ ची दहरान येथील घटना प्रामुख्याने सांगितली जाते. आखाती युद्धात सौदी अरेबियातील या ठिकाणी अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकात मोजे व त्यांचे सेकंदांत रूपांतर करण्यासाठी ०.१ ची २४ बिटांत छाटलेली किंमत वापरी. छाटणीमुळे होणारी चूक नगण्य होती, परंतु यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ अखंड चालू होती. १०० तासांत, म्हणजे ३६ लाख दहाव्या भागांत, ती चूक सुमारे ०.३४ सेकंदांवर पोहोचली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने क्षेपणास्त्राचा शोध चुकीच्या जागी घेतला, ते अडवले गेले नाही आणि त्याच्या आघातात २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

पूर्णांकांनाही मर्यादा असतात. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मिलिसेकंद साठवल्यास सुमारे २४.८ दिवसांनंतर आणि चिन्हरहित पूर्णांकात सुमारे ४९.७ दिवसांनंतर किंमत मर्यादेबाहेर जाते. ३२ बिटांत साठवलेली युनिक्स वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यामुळे वेळेसाठी ६४ बिटांचे पूर्णांक वापरले जातात.

== पडद्यावरील प्रदर्शन ==

=== एकाच ओळीत अंक बदलणे ===

आस्की संकेतावलीतील १३ क्रमांकाचे 'कॅरेज रिटर्न' हे चिन्ह कर्सरला त्याच ओळीच्या आरंभी नेते, तर १० क्रमांकाचे 'लाइन फीड' पुढच्या ओळीवर नेते. दोन्ही नावे टंकलेखन यंत्रांच्या काळातील आहेत. अंक छापल्यावर ओळ न बदलता केवळ कॅरेज रिटर्न पाठवल्यास पुढचा अंक आधीच्या अंकावर छापला जातो.

यात एक नेहमीची चूक होते. १० नंतर ९ छापल्यास जुन्या मजकुरातील शून्य तसेच राहते व पडद्यावर ९० दिसतात. त्यानंतर ८०, ७० असे अंक येत जातात. कॅरेज रिटर्न फक्त कर्सर हलवते, मजकूर पुसत नाही, हे त्यामागचे कारण आहे. यावर अंकांची लांबी स्थिर ठेवणे, मजकुरानंतर मोकळ्या जागा छापणे किंवा ओळ पुसण्याचा सांकेतिक क्रम पाठवणे असे उपाय केले जातात. ओळ पुसण्यासाठी २७ क्रमांकाचे 'एस्केप' चिन्ह, त्यानंतर डावा चौकोनी कंस व मोठ्या लिपीतील 'के' हे रोमन अक्षर पाठवतात. त्याने कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर पुसला जातो. विंडोजच्या कन्सोलमध्ये या क्रमांची अंगभूत सोय विंडोज १० च्या काळात आली. वेळ संपल्यावर ध्वनी देण्यासाठी ७ क्रमांकाचे 'बेल' चिन्ह वापरतात, परंतु अनेक टर्मिनलांत तो आवाज बंद ठेवलेला असतो.

=== बफर ===

छापलेला मजकूर ताबडतोब पडद्यावर जाईलच असे नाही. तो आधी बफरमध्ये साठतो. टर्मिनलशी जोडलेला बफर बहुधा नवी ओळ आल्यावर रिकामा होतो. एकाच ओळीत अंक बदलणाऱ्या टायमरमध्ये नवी ओळ येतच नसल्याने दहा सेकंद काहीच दिसत नाही आणि शेवटी सर्व अंक एकदम येतात. म्हणून प्रत्येक अंकानंतर बफर स्पष्टपणे रिकामा करावा लागतो. या क्रियेला 'फ्लश' म्हणतात.

=== निर्गम फायलीत वळवणे ===

आज्ञावलीचा निर्गम फायलीत वळवला असेल तर कॅरेज रिटर्न व एस्केप क्रम तेथे केवळ कचरा निर्माण करतात. त्यामुळे निर्गम खरोखर टर्मिनलकडे जात आहे की नाही हे आधी तपासले जाते. जात नसल्यास अंक दाखवणे टाळून केवळ आरंभ व समाप्ती यांची नोंद करतात.

== देवनागरी अंक ==

युनिकोडमध्ये देवनागरी ० ते ९ या अंकांचे क्रमांक २४०६ ते २४१५ असे सलग आहेत. रोमन लिपीतील अंक ४८ ते ५७ या क्रमांकांवर आहेत. त्यामुळे प्रत्येक अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवल्यास देवनागरी अंक मिळतो. मराठीतून टायमर लिहिताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

* यूटीएफ-८ संकेतनात प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइट घेतो. बाइट मोजून मोकळ्या जागा भरणाऱ्या फंक्शनांचा हिशेब त्यामुळे चुकतो.
* स्वतंत्र अंक पडद्यावर एकेकच रकाना व्यापतात, पण 'मिनिटे', 'सेकंद' यांसारख्या शब्दांतील मात्रा, वेलांट्या व अनुस्वार यांची रुंदी टर्मिनलागणिक वेगळी धरली जाते. म्हणून जुना मजकूर झाकण्यासाठी मोकळ्या जागा मोजण्याऐवजी ओळ पुसण्याचा क्रम वापरणे अधिक खात्रीचे असते.
* वापरकर्ता कालावधी देवनागरी अंकांत देऊ शकतो. पायथॉनमधील पूर्णांकात रूपांतर करणारे फंक्शन असे अंक थेट स्वीकारते. सी भाषेतील प्रचलित फंक्शने ते ओळखत नाहीत, म्हणून तेथे आधी रूपांतर करावे लागते.

== वापरकर्त्याचा हस्तक्षेप ==

=== विराम ===

समाप्तीच्या क्षणावर आधारलेल्या टायमरमध्ये विराम देताना त्या वेळी उरलेला कालावधी साठवला जातो. पुन्हा सुरू करताना 'आताची वेळ + साठवलेला कालावधी' असा समाप्तीचा नवा क्षण ठरवतात. जुना क्षण तसाच ठेवल्यास विरामाचा काळही मोजला जातो.

टायमर चालू असताना कळ दाबली गेली की नाही हे पाहण्यासाठी न अडता वाचन करावे लागते. युनिक्ससदृश प्रणालींत 'सिलेक्ट' किंवा 'पोल' या सुविधांनी 'कळ दाबली जाईपर्यंत किंवा अमुक वेळ होईपर्यंत' थांबता येते. अशा वेळी 'स्लीप' फंक्शनची गरजच उरत नाही.

=== मध्येच थांबवणे ===

कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यास आज्ञावलीला खंडनाचा सिग्नल मिळतो. कर्सर लपवला असेल किंवा टर्मिनलची स्थिती बदलली असेल, तर बाहेर पडण्यापूर्वी ती पूर्ववत करणे आवश्यक असते. अन्यथा टायमर बंद झाल्यावरही टर्मिनलवर कर्सर दिसत नाही. वेळ पूर्ण झाल्यास ० हा निर्गमसंकेत व मध्येच थांबवल्यास शून्येतर संकेत देण्याची प्रथा आहे. युनिक्स कवचांत खंडनासाठी तो १३० असतो. यामुळे टायमरनंतर चालणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीला वेळ खरोखर संपली की नाही हे कळते. फायली पुसण्यापूर्वीच्या उलटगणतीत हा फरक निर्णायक ठरतो.

सिग्नलमुळे 'स्लीप' मध्येच खंडित होऊ शकते. पायथॉन ३.५ पासून, सिग्नल हाताळणाऱ्या भागाने अपवाद उभा केला नसल्यास, उरलेला वेळ आपोआप पुन्हा थांबले जाते. सी भाषेत ही काळजी आज्ञावलीकाराला घ्यावी लागते. घड्याळ पुन्हा वाचणाऱ्या पद्धतीत अशा खंडाने मोजणी बिघडत नाही.

== चाचणी ==

एका तासाच्या टायमरची चाचणी घेण्यासाठी तासभर थांबणे व्यवहार्य नसते. म्हणून घड्याळ वाचणे व थांबणे ही दोन कामे स्वतंत्र फंक्शनांत ठेवतात आणि चाचणीच्या वेळी त्यांच्या जागी कृत्रिम घड्याळ जोडतात. ते क्षणार्धात हवे तेवढे पुढे नेता येते. सामान्यतः पुढील स्थिती तपासल्या जातात.

* कालावधी शून्य, ऋण किंवा संख्या नसलेला असणे.
* ६०, ३६०० व त्यांच्या आसपासच्या किमती.
* १० वरून ९ वर आणि १०० वरून ९९ वर येताना पडद्यावर जुना अंक न उरणे.
* प्रत्येक विराम अपेक्षेपेक्षा लांबला तरी समाप्ती वेळेवर होणे.
* टायमर चालू असताना सिस्टिम घड्याळ मागे किंवा पुढे केले जाणे.

== मर्यादा ==

सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा कन्सोल टायमर काही मिलिसेकंदांपेक्षा अधिक अचूक वेळी जागा होईल याची हमी देता येत नाही. वैद्यकीय उपकरणे, वाहननियंत्रण किंवा औद्योगिक यंत्रे यांसाठी प्रतिसादाच्या वेळेची हमी देणाऱ्या रिअल-टाइम प्रणाली किंवा स्वतंत्र विद्युत्‌मंडले वापरली जातात. तसेच परीक्षेसारख्या कामात वापरकर्त्याच्याच संगणकावर चालणाऱ्या टायमरवर विसंबणे पुरेसे नसते, कारण आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू करता येते. अशा ठिकाणी समाप्तीचा क्षण सर्व्हरवर नोंदवला जातो आणि वापरकर्त्याच्या पडद्यावरील अंक केवळ माहितीसाठी असतात.

== हे सुद्धा पहा ==

* युनिक्स वेळ
* लीप सेकंद
* आस्की
* युनिकोड
* भारतीय प्रमाणवेळ
* रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम